मोरयेल

वाळलेली वेल काढून टाकायला मी कात्री घेऊन ओट्यावर बसले होते. एप्रिल संपत आला होता. कुंडीतलं खोड जरा ओढलं तर मुळासकट हातात आलं, इतकी माती सुकून मोकळी झाली होती. पण वरची वेल कामट्यांपासून सुटता सुटेना. पानापानाचा देठ कामटीला वेढा घालून बसलेला. कुठं एक वेढा, कुठं दीड. पानं करपून गेली होती, बोट लागताच चुरा व्हायची, आणि देठ मात्र तारेसारखे ताठ. शेवटी एकेक देठ कापत बसले.

"काय करतीस गं?" आत्यानं विचारलं. ती दाराशी खुर्चीत बसली होती. कात्रीचा आवाज तिनं ऐकला होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. त्याच्या आदल्या दिवाळीपासून ती साताऱ्याला आमच्याकडे राहायला आली होती. काचबिंदूनं तिची नजर नेली. दुखलं नाही, खुपलं नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा डाव्या डोळ्यात काही उरलं नव्हतं आणि उजव्यात उजेड आहे की अंधार एवढंच. मोतीबिंदू काढला की दिसू लागतं, काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग आता हातानं बगायचं."

मी एक कामटी वेलीसकट तिच्या हातात दिली. तिनं अंगठा आणि तर्जनी खालून वर नेली. एका देठापाशी थांबली, वेढ्यावरून बोट फिरवलं, पुढच्या देठाला गेली, परत मागं आली. मग म्हणाली, "मोरयेल हाय की ह्यो."

"नाही आत्या, ही विलायती आहे. इंग्लंडातली."

"असंल. पर धरतोय मोरयेलावानी."

ही विलायती वेल माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवं. एका मासिकात मी जांभळ्या फुलांनी झाकलेली विटांची भिंत पाहिली होती. तळहाताएवढी फुलं, मखमली, मधे फिकट पुंकेसरांचा झुबका. खाली नाव होतं, क्लेमॅटिस जॅकमनी. पुढं वाचत गेले. इंग्लंडात सरे परगण्यातल्या वोकिंग गावी जॅकमन बापलेकांची रोपवाटिका होती. तिथं १८५८ साली केलेल्या संकरातून ही वेल झाली आणि १८६२ मध्ये पहिल्यांदा फुलली. तिच्या घराण्यात एक वेल चीनची आणि एक दक्षिण युरोपातली. तोवर इंग्लंडातल्या बागांना एवढ्या मोठ्या गर्द जांभळ्या फुलांची आणि इतकी काटक वेल माहीत नव्हती. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी तिकडच्या कितीतरी घरांच्या दारांवर आजही तीच आहे. मला ती आमच्या पूर्वेच्या भिंतीवर हवी होती. इतकी हवी होती की इथं ती जगेल का हे मी कुणाला विचारलंच नाही.

नोव्हेंबरात रोप आलं. साताऱ्याची थंडी तिला मानवली. डिसेंबर-जानेवारीत ती हातभर चढली. फेब्रुवारीच्या शेवटी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी पाणी वाढवलं. कडांचं करपणं आत सरकलं. मी आणखी पाणी वाढवलं. क्लेमॅटिसचा सगळ्यात जुना नियम असा की डोकं उन्हात आणि पाय सावलीत. तिकडचे लोक तिच्या बुंध्याशी सपाट दगड मांडतात, नाहीतर झुडपं लावतात, म्हणजे माती गार राहते. मी तिची कुंडी सिमेंटच्या ओट्यावर ठेवली होती. दुपारी त्या ओट्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. शिवाय या जातीला हिवाळ्यात पानं टाकून खरी झोप लागते. तिथं ती फेब्रुवारी-मार्चमध्ये गुडघ्याच्याही खाली छाटतात आणि वसंतात ती पुन्हा नव्यानं निघते. आमच्याकडे तिला झोपच मिळाली नाही. एकही फूल न देता ती गेली, आणि यात चूक सगळी माझी होती.

आत्याच्या बोलण्यानंतर मी मोरवेल शोधायला बसले. क्लेमॅटिसच्या जगात सुमारे ३०० जाती आहेत, त्यांतल्या काही सह्याद्रीत आणि दख्खनच्या डोंगरांवर. आपल्याकडे मोरवेल किंवा रानजाई म्हणतात त्यांतली एक क्लेमॅटिस हेनी. जुन्या पुस्तकांत तिचं नाव ट्रायलोबा असं आहे, तीन खंडांच्या पानांवरून. हेनी हे नाव बेंजामिन हेनी या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. अठराव्या शतकाच्या अखेरीला तो मिशनरी म्हणून दक्षिणेत आला आणि पुढं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत झाडं गोळा करत फिरला. आयुर्वेदात मूर्वा म्हणून ज्या चार-पाच वनस्पती मानतात त्यांत मोरवेलही येते. मूर्वेच्या वाखाची धनुष्याची दोरी करत, म्हणून दोरीला मौर्वी म्हणायचे. वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळी झाडं मूर्वा म्हणून विकली जातात, तेव्हा जुन्या धनुर्धरांच्या दोरीत हीच वेल होती असं म्हणता येणार नाही. पण आत्याला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "आम्ही तर मोळ्या बांदायचो तिनं," ती म्हणाली. "सुंभापरास चिवट."

मला वाटत राहिलं ते वेगळंच. जी वेल मी दुरून मागवली, तिची सख्खी बहीण माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर डोंगरात होती आणि मी तिला कधी ओळखलं नव्हतं. पाहिलं नव्हतं असंही नाही. कासच्या वाटेनं मी आयुष्यात शंभरदा गेले असेन.

डिसेंबरात आम्ही त्या वाटेनं गेलो, आत्याला घेऊन. यवतेश्वरचा घाट चढलो की साताऱ्याची गरमी खाली राहते. कासच्या पठारावर सप्टेंबरात गाड्यांची रांग असते; डिसेंबरात कुणी नसतं, गवत पिवळं पडलेलं, वारा मोकळा. पठार मागं टाकून रस्ता बामणोलीकडे उतरायला लागतो आणि एका वळणावर खाली पाणी दिसतं. कोयनेच्या धरणाचं पाणी, शिवसागर. साठच्या दशकात ते चढत आलं आणि खोऱ्यातली गावं त्याखाली गेली. बाबांचं आणि आत्याचं गाव त्यांतलंच. आत्या तेव्हा अकरा-बारा वर्षांची. त्या वळणावर बाबा नेहमी गाडी थांबवायचे आणि हात लांब करून दाखवायचे, तिथं देऊळ, तिथं आपलं घर. मला पाण्याशिवाय काही दिसायचं नाही.

ह्यांनी तिथंच गाडी थांबवली. आत्या उतरली नाही. काच खाली करून तोंड पाण्याच्या बाजूला केलं आणि गप्प बसून राहिली. मी रस्त्याकडेला करवंदीच्या जाळीपाशी गेले. जाळीवर काहीतरी पांढरं, धुरासारखं पसरलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर तुरे. एकेका देठावर बियांचा गुच्छ आणि प्रत्येक बीला बोटाच्या दोन पेरांएवढी पिसासारखी शेपटी. उन्हात प्रत्येक केस वेगळा चमकत होता. मी एक तुरा तोडला आणि गाडीपाशी येऊन आत्याच्या तळहातावर ठेवला.

तिनं मूठ मिटली नाही. दुसऱ्या हाताचं एकच बोट त्यावरून फिरवलं, मांजराच्या पिल्लाच्या डोक्यावरून फिरवावं तसं. "ही म्हातारी," ती म्हणाली. "आमी फुकायचो. घराच्या मागं परड्याच्या कुडावर सगळा हाच असायचा."

उडणाऱ्या केसाळ बीला आपल्याकडे मुलं म्हातारी म्हणतात. सावरीची म्हातारी, रुईची म्हातारी. इंग्रज लोक त्यांच्या रानातल्या क्लेमॅटिसला म्हाताऱ्याची दाढी म्हणतात. मला याचं फार अप्रूप वाटलं. फूल असताना या वेलीला कुणी म्हातारं म्हटलेलं नाही. ते गेल्यावर जे उरतं त्यावरून दोन्हीकडे तिला नाव पडलं. आणि ते नाव ठेवताना दोन्हीकडच्या माणसांचा जीव तिच्यावर होता हे त्या नावातच कळतं.

वेल उपटायचा विचार मी केला नाही. रानातली वेल मुळासकट आणली तर बहुधा जगत नाही, आणि तिथली जाळी उघडी पडते. दोन मुठी बिया कागदात घेतल्या. आत्यानं तिच्या हातावरचा तुरा दिला नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

जानेवारीत बिया एका ट्रेमध्ये पेरल्या. पानांचं खत, थोडी वाळू, थोडा मुरूम. शेपट्या कापून टाकल्या आणि वर अर्धं पेर माती. मग काहीच झालं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उन्हाळा सरला. क्लेमॅटिसच्या बिया घाई करत नाहीत हे मी वाचलं होतं, तरी मे महिन्यात त्या ट्रेमध्ये पुदिना लावायचं जवळजवळ ठरवलं होतं. आत्या रोज सकाळी नळावर तोंड धुवायला गेली की ट्रेवर हात ठेवून माती ओली आहे का पाहायची, आणि नसली तर ओंजळीतलं उरलेलं पाणी शिंपडायची. आषाढात, चार दिवसांची झड लागली होती तेव्हा, तिनं मला हाक मारली. "हे काय टोचतंय बग." मातीतून दोन इवली पानं वर आली होती. नंतर आणखी पाच रोपं आली. तीन आम्ही शेजारी दिली, एक गोगलगाईनं खाल्लं, दोन आमच्याकडे राहिली.

या वेळी कुंडी नाही. पूर्वेच्या भिंतीशी दोन फूट खड्डा घेतला, खाली विटांचे तुकडे, वर शेणखत आणि माती. बुंध्याशी घराच्या जुन्या फरशीचे दोन तुकडे मांडले आणि भोवती पुदिना लावला, त्याला शेवटी जागा मिळाली. चढायला भिंतीवर खिळे ठोकून बारीक तार आणि सुतळी ओढली. बारीक हवी, हे मला त्या मेलेल्या वेलीनं शिकवलं होतं. जाड बांबूला क्लेमॅटिस धरू शकत नाही. तिला द्राक्षासारखे किंवा काकडीसारखे तणावे नसतात, मनीप्लांटसारखी हवेतली मुळं नसतात, आणि गारवेलीसारखं सगळं खोड ती गुंडाळत नाही. तिच्याकडे धरायला फक्त पानाचा देठ. ज्या पानानं ऊन खायचं त्याच पानाच्या देठानं आधार धरायचा. देठ पेन्सिलीएवढ्या काडीला वेढा घालू शकतो, मनगटाएवढ्या वाशाला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात ती निघाली. एका रविवारी मी सकाळपासून शेंड्याचं एकच पान पाहत बसले. पान कोवळं, फिकट, अंगावर बारीक मऊ लव. देठ साधारण दोन इंच, सरळ. तो सुतळीला नुसता टेकला होता. दहाच्या सुमाराला टेकल्या जागी किंचित बाक आला. दुपारी जेवून आले तोवर तो आकड्यासारखा झाला होता. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला आकडा सुतळीच्या पलीकडून फिरून पुन्हा आपल्याकडे आला होता. वाऱ्यानं सगळी वेल हलली तेव्हा तो देठ हलला नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत वेढ्यातला देठ सुजल्यासारखा जाड झाला आणि कडक झाला. जे देठ मोकळ्या हवेत होते, ज्यांना काही लागलंच नव्हतं, ते बारीक आणि लवचीक राहिले.

हे सगळं चार्ल्स डार्विननं दीडशे वर्षांपूर्वी बारकाईनं लिहून ठेवलं आहे. चढणाऱ्या वेलींवरचा त्याचा प्रबंध १८६५ साली आला. पानांनी धरणाऱ्या वेलींच्या प्रकरणात त्यानं क्लेमॅटिसच्या कितीतरी जाती तपासल्या. देठाला काडीनं हळूच घासायचं, किंवा देठावर बारीक दोऱ्याचा फास अडकवून ठेवायचा, आणि तो किती वेळात वळतो ते पाहायचं. त्यानं हेही पाहिलं की कोवळा शेंडा स्वस्थ नसतो, तो काही तासांत हवेत एक गोल फेरी घालतो, चाचपडतो. हे काम चाललं असताना तो बराच आजारी असायचा. एकदा आजारपणात खोलीबाहेर जाता येईना, तेव्हा हॉपच्या वेलीची कुंडी त्यानं खोलीतच ठेवून घेतली आणि दिवसरात्र तिच्या शेंड्याच्या फेऱ्या मोजल्या. प्रजातींच्या उगमावरचं त्याचं पुस्तक सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र डार्विन आठवतो तो असा, पांघरूण घेऊन एका वेलीकडे पाहणारा.

मी आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला दे दोरा." शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा आम्ही बोटभर कापला, तिनंच चाचपून एका कोवळ्या देठावर फास टाकला. दुपारभर ती दर थोड्या वेळानं बोट लावून पाहत होती, इतकं हलकं की देठाला तिचा स्पर्शही कळू नये. संध्याकाळी म्हणाली, "वळला." मी पाहिलं. वळला होता, थोडासा, पण होता. तिच्या तोंडावर त्या वेळी जे आलं ते मी फार दिवसांनी पाहत होते. नजर गेल्यापासून तिला कुणी काही दाखवत नव्हतं. सगळे सांगत होते. आज तिनं स्वतः काहीतरी पाहिलं होतं, माझ्याआधी.

पाऊस सरताना, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, वेल फुलली. हेही तिलाच आधी कळलं. "माश्या कशाला आल्यात एवढ्या?" तिनं खिडकीतून विचारलं. भिंतीवर पंचवीस-तीस फुलं उमलली होती आणि मधमाश्यांचा सतत गुणगुणाट होता. फूल पांढरं, जुन्या रुपयाएवढं किंवा थोडं मोठं, मधे पुंकेसरांचा दाट गुच्छ. जॅकमनीसारखं दिमाखदार मुळीच नाही. पण भिंतीवर ती उजळून आली की संध्याकाळी दिवा लावायला उशीर झाला तरी चालतं.

या फुलाला पाकळ्या नसतात. कळी झाकणारी हिरवी निदलं इतर फुलांत बाहेर राहतात आणि आतून पाकळ्या येतात. क्लेमॅटिसमध्ये आतून काही येत नाही, निदलंच रंगतात, मोठी होतात आणि पाकळ्यांचं काम करतात. जॅकमनीची ती जांभळी मखमलही निदलंच. जे पांघरूण होतं तेच वस्त्र झालं. हे समजल्यापासून मी मोरवेलीच्या कळ्या जास्त वेळ पाहते.

एक सावधगिरी आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितली होती. "हिचा चीक लागू देऊ नको. डोळ्याला तर न्हायच." क्लेमॅटिसचं कूळ बचनागाचं. आपल्या स्वयंपाकघरातली कलौंजीही याच कुळातली, पण तिच्यात ती आग नाही. मोरवेलीचं पान चुरडून कातडीला लावलं तर फोड येतात. फ्रान्समध्ये पूर्वी भिकारी रानातल्या क्लेमॅटिसचा रस अंगाला चोळून जखमा उठवायचे, लोकांना दया यावी म्हणून. त्या वेलीला तिथं भिकाऱ्यांची वनस्पती असंच नाव पडलं. मी छाटणीला हातमोजे घालते. आत्या घालत नाही. तिला कुठं दाबायचं आणि कुठं नाही ते बोटांना माहीत आहे.

गेल्या मे महिन्यात ती वेल गेली असं मी धरून चालले होते. उन्हाळ्यात तिची पानं झडतात आणि भिंतीवर नुसत्या तपकिरी काड्या उरतात. घरात लग्न होतं म्हणून कंपाउंडच्या या पूर्वेच्या भिंतीला रंग द्यायचं काढलं. रंगारी सकाळी लवकर आला, त्याला त्या काड्या वाळलेलं जंजाळ वाटल्या, आणि आम्ही चहा करून बाहेर येईपर्यंत त्यानं सगळं जमिनीलगत कापून तारा-सुतळीसकट कोपऱ्यात ढीग करून ठेवला होता. बिचाऱ्यानं चांगल्या भावनेनं केलं. मी त्याला काही बोलले नाही, पण आत जाऊन रडले. महिनोन्महिने ट्रेवर हात ठेवून बसलेल्या बाईला आता काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

आत्याला आवाजावरूनच कळलं होतं. ती भिंत धरून धरून बाहेर आली, खाली बसली, फरशीच्या दोन तुकड्यांच्या मधे हात घातला आणि माती उकरली. बराच वेळ ती तशीच होती. मग म्हणाली, "हाय. बूड वलं हाय."

मला त्या वेळी जॅकमनी आठवली. तिचं रोप लावताना बुंधा मातीत चार बोटं खोल पुरायचा असं सांगतात. मोठ्या फुलांच्या जातींना एक बुरशी लागते, तिनं सगळी वेल एका दिवसात मान टाकते; तरी खोल पुरलेल्या बुंध्यावरचे डोळे मातीखाली जिवंत असतात आणि वरचं सगळं कापून टाकलं की तिथून नवे कोंब येतात. मी दोन्ही मोरवेली लावताना तसंच केलं होतं, कुंडीतल्या चुकीनंतर पुस्तकातली प्रत्येक ओळ पाळायची म्हणून. भिंत रंगून झाली. नवे खिळे, नवी तार. मृग लागल्यावर बाराव्या दिवशी चार कोंब वर आले, पेन्सिलीएवढे जाड, लालसर. पहिल्या दोन वर्षांत एवढा जोर तिच्यात कधी नव्हता. तिकडचे लोक जॅकमनीला दर वर्षी जे मुद्दाम करतात ते आमच्या मोरवेलीला रंगाऱ्याच्या हातून झालं.

या वर्षी आत्या फारशी बाहेर येत नाही. पावसाळ्यात एकदा पाय घसरला, हाड मोडलं नाही, पण भीती बसली. तिची खाट खिडकीशी आहे. खिडकी पूर्वेच्या भिंतीपासून चार-पाच हातांवर. श्रावणात एक दिवस ती म्हणाली, "इकडं सुतळी बांध की एक." मी वेलीच्या खिळ्यापासून तिच्या खिडकीच्या खालच्या गजापर्यंत सुतळी ओढली. तिनं ती हातानं ताणून पाहिली, म्हणाली ढिली आहे, पुन्हा बांधायला लावली. तिथून वर प्रत्येक आडव्या गजाला एक वेढा घेत वरपर्यंत नेली. गज पाच आहेत.

रोज सकाळी चहा घेऊन गेले की ती आधी उजवा हात खिडकीबाहेर काढते. सुतळीवरून दोन बोटं पुढं नेते, शेंड्याला लागला की थांबते. शेंडा कोवळा असतो, मोडू शकतो, म्हणून ती त्याला धरत नाही, फक्त कुठवर आला ते पाहते. मग मागच्या देठांवर येते आणि कुणी कुणी धरलंय ते मोजते. भाद्रपदभर वेल सुतळीवर होती. ज्या दिवशी पाऊस जास्त झाला त्या दिवशी दोन बोटं पुढं सरकली, उघडीप असली तर एक.

बामणोलीच्या वळणावरचा तो तुरा अजून तिच्याकडे आहे. पदराच्या गाठीतून तो आता उशाशी एका स्टीलच्या डबीत गेला आहे. शेपट्या मोडल्या आहेत, बिया तशाच. यंदा गुच्छ धरले की त्या डबीत नव्या भरायच्या आणि जुन्या पेरायच्या, असं तिनं ठरवलं आहे. इतक्या जुन्या बिया उगवतील का, असं मी विचारलं नाही.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते. दूध गॅसवर होतं. तिनं आतून हाक मारली. मला वाटलं काही लागलं असेल, म्हणून गॅस बंद करून गेले. तिचा हात गजाबाहेर होता आणि ती हसत होती.

"आलाय गं," ती म्हणाली. "दुसऱ्या गजाला. आन धरलंय त्यानं, बग, घट्ट."